चिखलदऱ्याला पहिल्यांदा जाताय? नागपूरहून निघण्यापासून परतीपर्यंत

नागपुरात जुलैचा एक बरा पाऊस झाला की ऑफिसात कुणीतरी हमखास विषय काढतं, "चिखलदऱ्याला जाऊन येऊ ना बे. सकाळी निघू, रात्री परत." यातला "रात्री परत" हा भाग आधी काढून टाका. नागपूर ते चिखलदरा एका बाजूने साधारण २३० किलोमीटर. घाट आणि चहा-नाश्ता धरून पाच तास. म्हणजे दहा तास गाडीत, आणि वर तीन-चार तास. मी अशा ट्रिपा तीनदा केल्या. तिन्हींमधलं मिळून आठवतं काय, तर भाजलेला भुट्टा आणि पार्किंगसाठीची रांग. चौथ्या वेळी दोन रात्री राहिलो, तेव्हा कुठे कळलं की आपण आजवर या जागेच्या फाटकाला हात लावून परतत होतो.

तेव्हा खालचं सगळं दोन रात्रींचा हिशेब धरून लिहिलं आहे. शुक्रवारी रजा मिळत असेल तर उत्तम. नसेल तर शनिवारी पहाटे निघा आणि सोमवारची सुट्टी टाका.

आधी महिना ठरवा

बहुतेक लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, धुक्यासाठी. धुकं खरंच सुंदर असतं, पण त्याची एक अडचण कुणी सांगत नाही. धुक्यात काही दिसत नाही. "पॉइंट"वर उभं राहिलं की समोर पांढरी भिंत, आणि शेजारचा माणूस सांगतोय की याच्या खाली मोठी दरी आहे. एकदा मी एका भुट्टेवाल्या मावशीजवळ कुरकुर केली, तर तिनं निखाऱ्यावरचं कणीस फिरवत विचारलं, "काहून भाऊ, धुकं पाह्यालेच आले नं? मंग पाहा!"

माझा सल्ला असा. धबधबे आणि धुकं हवं असेल तर पावसाळ्यात जा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. पंधरा ऑगस्टच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळाच. किल्ला, जंगल आणि चालणं हवं असेल तर दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. ऑक्टोबरच्या शेवटी गवत अजून हिरवं असतं, ओढ्यांना पाणी असतं आणि हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. मला विचाराल तर तोच काळ सगळ्यांत चांगला. उन्हाळ्यातही लोक जातात. भूगोलाच्या पुस्तकात शिकलेलं इथे अंगाला लागतं: दर १६५ मीटरला साधारण एक अंश तापमान उतरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे पाचेक अंशांचा फरक. मे महिन्यात दुपारी तिथेही ऊन लागतं, पण रात्री कूलर लागत नाही, आणि नागपूरकराला एवढं पुरे आहे.

डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर खरा स्वेटर घ्या. कपाटातला तो एक "फॅशनचा" असतो ना, तो नाही.

नागपूर ते परतवाडा

वाडी नाक्यावरून अमरावती रोड धरायचा. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, मग तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ, अमरावती. रस्ता चौपदरी आहे, इथे वेळ वाचतो. सकाळी सहाला निघालात तर साडेआठ-नऊला अमरावती. नाश्ता तिथेच करा आणि गिला वडा मागा. दह्यात भिजवलेला, वर तिखट-गोड चटणी घातलेला हा अमरावतीचा वडा नागपुरात तसा मिळत नाही.

तळेगाव सोडलं की थोड्याच अंतरावर वर्धा नदीचा पूल लागतो. तिथे गाडी हळू करा. ही नदी ओलांडली की वऱ्हाड सुरू होतं. या नदीची आणि नागपूरची एक जुनी गोष्ट आहे, ती किल्ल्यावर पोहोचल्यावर सांगतो. आत्ता फक्त नदी बघून ठेवा.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर आणि परतवाड्याहून चिखलदरा साधारण तीस. दुसरा एक रस्ता आहे. तळेगावहून आष्टी, मोर्शी, चांदूर बाजार करत परतवाडा. संत्र्यांच्या बागांमधून जातो, बघायला छान. पण एकपदरी आहे आणि ट्रॅक्टर फार. जाताना सरळ अमरावतीवरून जा, येताना वेळ असेल तर मोर्शीकडून या.

आता नवख्यांचा हमखास घोटाळा होतो ती जागा. अमरावती जिल्ह्यात एकाच नावाची गावं जोडीनं आहेत. धामणगाव रेल्वे वेगळं आणि धामणगाव गढी वेगळं. चिखलदऱ्याचा एक घाटरस्ता धामणगाव गढीवरून जातो, आणि मोबाइलच्या नकाशात नुसतं धामणगाव टाकलं तर तो तुम्हाला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मुंबई-हावडा रेल्वेलाइनवर नेऊन सोडू शकतो. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, तसंच. आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाची मोझरी महामार्गावर आहे, तर मोझरी पॉइंट चिखलदऱ्यात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं मोझरीला गाडी थांबवून पानटपरीवाल्याला "दरी कुठे आहे" विचारलं होतं. नकाशात थेट "चिखलदरा" टाका, आणि मध्ये "परतवाडा" हा थांबा घाला.

समृद्धी महामार्गाचा मोह होतो. या प्रवासाला त्याचा उपयोग नाही, तो दक्षिणेकडून धामणगाव रेल्वेच्या बाजूने जातो.

स्वतःची गाडी नसेल तर गणेशपेठ स्टँडवरून एसटीनं अमरावती, तिथून परतवाडा आणि परतवाड्याहून चिखलदरा. प्रत्येक टप्प्याला गाडी मिळते, पण परतवाड्याहून वर जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ अमरावती स्टँडवरच चौकशी खिडकीत विचारून घ्या. रेल्वेनं बडनेरा किंवा अमरावतीला उतरूनही तेच.

परतवाड्यात करायची कामं: टाकी फुल करणं, एटीएममधून रोख काढणं, नेहमीच्या गोळ्या संपल्या असतील तर घेणं, घरी फोन करून "वर रेंज नसली तर काळजी करू नका" सांगणं. वर सगळं थोडं थोडं मिळतं, पण मिळेलच असं नाही. आणि मेळघाटात पुढे उतरलात की रेंज जाते ती जातेच.

घाट

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा. एक धामणगाव गढी, मोथ्यावरून. दुसरी धारणीच्या रस्त्यानं घटांगपर्यंत, आणि तिथून वळून सलोन्यावरून. पहिल्यांदा जाताना एका वाटेनं चढा आणि दुसरीनं उतरा, म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजू बघून होतात.

घाट फार अवघड नाही. महाबळेश्वर, आंबोली केलेल्यांना तर काहीच वाटणार नाही. पण आपण नागपूरचे. वर्धा रोडवर सरळ ऐंशीनं जायची सवय. तेव्हा तीन गोष्टी. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. वळणावर हॉर्न द्यायचा, आणि धुक्यात हेडलाइट खाली ठेवायचे. अप्पर लावला तर धुकंच उजळतं आणि रस्ता नाहीसा होतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. अंधार पडायच्या आत वर पोहोचा. हा व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेला डोंगर आहे. एकदा आम्ही परतवाड्यात जेवणात वेळ घालवून रात्री आठला घाट चढत होतो. एका वळणावर रस्त्यात काळा खडक दिसला. मी ब्रेक दाबला, आणि खडकानं मान वळवली. रानगवा होता. तो शांतपणे उतारावरून खाली गेला, पण मला पुढची दहा मिनिटं गाडी सुरू करवेना. गाडीची टक्कर झाली असती तर नुकसान त्याचं कमी आणि आमचं जास्त झालं असतं.

मुक्काम

वर हॉटेलं आहेत, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, घरगुती राहण्याच्या सोयीही आहेत. सुट्टीच्या दिवसांत बुकिंग करूनच निघा, आणि पैसे भरल्यावर एकदा फोन करून खोली नक्की आहे ना ते विचारा. एका वर्षी आमचं बुकिंग "झालेलं" होतं, आणि पोहोचल्यावर खोलीत दुसरंच कुटुंब पाय पसरून बसलेलं. हॉटेलचं नाव सांगत नाही, पण ती रात्र आम्ही पाच जणांनी गाडीत काढली.

खोली निवडताना दरीचा देखावा वगैरेच्या मागे फार लागू नका. गरम पाणी किती वाजता येतं आणि जादा रजई मिळते का, हे विचारा.

गावात शिरताना नाक्यावर नगरपरिषदेचा पर्यटक कर घेतात. पावती जपून ठेवा, पुन्हा आत-बाहेर करताना लागते.

पहिली संध्याकाळ: हे पठार आहे, एवढं समजून घ्या

पोहोचल्या पोहोचल्या रिक्षावाले, जीपवाले "बारा पॉइंट, पंधरा पॉइंट" म्हणत येतील. पहिल्या दिवशी नको म्हणा. चिखलदरा म्हणजे पॉइंटांची यादी नाही, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवरचं ते एक पठार आहे. दक्षिणेला कडा तुटतो आणि खाली वऱ्हाडची काळी सपाटी पसरते. उत्तरेला डोंगरामागे डोंगर, तो मेळघाट. नावातच आहे: घाटांचा मेळ. संध्याकाळी दक्षिणेच्या कड्यावरच्या कुठल्याही एका ठिकाणी, देवी पॉइंट म्हणा, हरिकेन पॉइंट म्हणा, जाऊन तासभर नुसतं बसा. हवा स्वच्छ असेल तर अंधारल्यावर खाली सपाटीवरच्या गावांचे दिवे लागताना दिसतात.

देवी पॉइंटला कपारीत देवीचं ठाणं आहे, वरच्या दगडातून पाणी झिरपत असतं. चंद्रभागा नदी इथेच उगम पावते. पंढरपूरची नव्हे, वऱ्हाडची. ती खाली पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. उत्तरेकडच्या खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्याही शेवटी तापीलाच. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान-वैनगंगेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातं. इथला पाऊस मात्र अरबी समुद्रात. पाच तासांच्या प्रवासात आपण भारताचा उतार बदललेला असतो, आणि गाडीत ते कुणालाच कळलेलं नसतं.

नावाची गोष्ट गावातला प्रत्येक जण सांगेल: भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. भीमकुंडावर गेलात की ती ऐका. पावसाळ्यात तिथला धबधबा बघून गोष्ट पटतेही. हात धुवायला भीमालाच एवढं पाणी लागणार. इंग्रजांच्या बाजूनं सांगायचं तर १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं ही जागा "शोधली". गवळी आणि कोरकू त्याच्या आधीपासून इथे गुरं चारत होतेच, पण त्यांनी कुठे नोंद केली नव्हती.

दुसरा दिवस: गाविलगड, सकाळी

फक्त एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

किल्ला गावापासून जवळच आहे. सकाळी सात-साडेसातला निघा. किल्ला जंगलाच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची आणि फी भरायची. जाताना माणशी दीड लिटर पाणी, थोडी शिदोरी, पायात ग्रिपचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. चप्पल घालून जाणारे असतात, त्यांचे फोटो दिल्ली दरवाजाजवळच संपतात. अत्तर-सेंट लावू नका आणि आत आरडाओरडा, धूर करू नका. जुन्या भिंतींना आणि कड्यांना आग्यामोहोळं असतात. गवत उंच असेल तेव्हा परतल्यावर पायांना गोचीड चिकटलेत का बघा. एकट्यानं जाऊ नका, गावातला माहितगार सोबत घ्या. त्याला वाटा ठाऊक असतात, अस्वल कुठल्या बाजूला फिरतंय तेही ठाऊक असतं.

आता किल्ल्याबद्दल, कारण माहिती नसेल तर हा किल्ला म्हणजे वाढलेलं गवत आणि पडकी भिंत एवढंच दिसतं. बहमनी सुलतान अहमदशाह वलीनं १४२५च्या सुमाराला तो बांधला. त्याआधी इथे गवळ्यांची गढी होती, त्यावरूनच नाव पडलं, असं मानतात. पुढे बहमनी राज्य फुटलं तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला आणि अचलपूरची इमादशाही सुरू झाली. किल्ल्याची मजबुती त्यानं वाढवली. दिल्ली दरवाजापाशी थांबा आणि वर बघा. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसेल. हा पक्षी मुसलमानी किल्ल्यावर कसा? फतहुल्ला जन्मानं विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी लढाईत धरून आणलेला. आणि गंडभेरुंड हे दक्षिणेतलं जुनं राजचिन्ह. दोन्हींचा संबंध आहेच असं मी छातीठोक म्हणत नाही, पण त्या दरवाजाखाली उभं राहिलं की हा विचार डोक्यातून जात नाही.

आता ती नदीची गोष्ट. १८०३ साली हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. २९ नोव्हेंबरला अकोटकडच्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि उरलेले लोक गाविलगडावर आले. मागे आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजला तोच. दक्षिणेकडून कडा एवढा उभा की तिथून हल्ला करणं अशक्यच. किल्ल्याची एकच कच्ची बाजू होती, उत्तरेची, लबाडा गावाकडची. तिथे जायचं तर अचलपूरहून सगळ्या डोंगराला वळसा. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं तो वळसा घेतला. रस्ताच नव्हता, तेव्हा सैनिकांनी आधी रस्ता केला आणि मग जड तोफा हातांनी ओढत नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे उभे राहिले, १४पर्यंत तटाला खिंडारं पडली, १५ला हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

किल्ला पडल्यावर दोन दिवसांत, १७ डिसेंबर १८०३ला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तुम्ही काल सकाळी तळेगावजवळ ओलांडली तीच नदी. कटकचा प्रांतही गेला. गंमत म्हणजे गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले, १८२२पर्यंत. खालचा बहुतेक मुलूख दुसऱ्याचा आणि वर डोंगरावर आपले दोन किल्ले. नागपुरात महालातल्या रस्त्यांवरून आपण रोज जातो, पण त्या वाड्यांचं नशीब ज्या दगडांत ठरलं ते बघायला फारसं कुणी येत नाही.

म्हणून तुम्ही ज्या बाजूनं आत शिरता, ती बाजू लक्षात ठेवा. चिखलदऱ्याकडून येणारी आजची पर्यटकांची वाट त्याच उत्तरेकडच्या कच्च्या बाजूनं येते. मग चालत दक्षिणेच्या तटापर्यंत जा आणि खाली बघा. वेलस्लीनं एवढा खटाटोप का केला ते विनासांगता कळेल. आत तळी आहेत, मोडकी मशीद आहे, तोफा पडल्या आहेत. सगळं बघायला तीन ते चार तास लागतात. १८५७ची धामधूम झाल्यावर इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी मोडून टाकली, तेव्हा पडझड सगळी काळानं केलेली नाही. नावं कोरायला मात्र इंग्रज आले नव्हते.

दुपारी परत या, जेवा, झोपा. संध्याकाळी वैराटला जा. परिसरातली ही सगळ्यांत उंच जागा, ११७८ मीटर. सूर्यास्तासाठी सगळे सनसेट पॉइंटला जातात, म्हणून वैराटला जा.

तिसरा दिवस: जंगल, पण वाघाचा हट्ट नको

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नवांत मेळघाट होता. चिखलदऱ्याहून उत्तरेला सेमाडोहपर्यंत तासाभराचा घाटरस्ता, तिथून पुढे कोलकास, हरिसाल, धारणी. फार दमणार नसाल तर पहाटे निघून सेमाडोह-कोलकास करून परतवाड्याला उतरता येतं.

सफारी करायची असेल तर बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा, ओळखपत्र तेच सोबत ठेवा, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं हे लक्षात घ्या. जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो. आणि एक सांगतो, नागपूरकर म्हणून ताडोबा-पेंचची फूटपट्टी लावू नका. ताडोबा सपाट आहे, तळ्यावर वाघ येऊन बसतो. मेळघाट म्हणजे चढ-उतार आणि खोल दऱ्या. इथे वाघ आहेत, पण ते दाखवायला बसलेले नाहीत. रानगवे, सांबर, अस्वल, रानकुत्रे, नशीब असेल तर बिबट्या. पक्षी बघणाऱ्यांसाठी रानपिंगळा. हे छोटं घुबड शंभरहून जास्त वर्षं नाहीसंच झालं असं समजलं जात होतं. १९९७ साली खानदेशात ते पुन्हा दिसलं, आणि मेळघाट हे त्याचं मोठं ठिकाण निघालं. गाइडला आधी सांगा की वाघ नाही दिसला तरी चालेल. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो आणि मग तो पानं, विष्ठा, ओरखडे, हाका सगळं दाखवायला लागतो.

कोलकासला सिपना नदी मोठं वळण घेते. वरच्या विश्रामगृहाच्या बाजूनं ते वळण बघत बसलात तर वेळ कसा जातो कळत नाही. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. त्या उतारांवरची सागाची झाडी बघितली की नाव ठेवणाऱ्याला मान द्यावासा वाटतो.

कोरकू गावांतून जाताना

रस्त्यात लागणारी बहुतेक गावं कोरकूंची. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन: कोरकू म्हणजे माणसं. भाषा मराठीची नाही, हिंदीची नाही, गोंडीचीही नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारीची बहीण. गावात मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची सरळ रांग असते. एखाद्या झाडाखाली कोरलेले लाकडी खांब उभे दिसले, त्यावर घोडेस्वार, चंद्र-सूर्य, तर ते मृतांच्या नावानं उभे केलेले मुंडे आहेत. त्यांना टेकून सेल्फी काढू नका.

माणसांचेही फोटो विचारूनच. मुलांना चॉकलेटं वाटत जाऊ नका, रस्त्यावर गाडी दिसली की हात पसरून धावायची सवय आपणच लावली आहे. द्यायचंच असेल तर त्यांच्याकडून काही विकत घ्या. होळीच्या दिवसांत गेलात तर बाया रस्ता अडवून गाणी म्हणतात आणि फगवा मागतात. घाबरू नका आणि काच वर करून हॉर्नही वाजवू नका. होळी हा इथला सगळ्यांत मोठा सण. सुट्टे पैसे खिशात ठेवा, गाणं पूर्ण ऐका, फगवा द्या.

वानरांना मात्र काहीही देऊ नका. त्यांना तुमच्या पिशवीतलं सगळं आधीच ठाऊक असतं.

जोडून काय, आणि काय नको

परतवाड्याला लागून अचलपूर आहे, इमादशाहीची राजधानी. तिथला हौद कटोरा, म्हणजे तळ्यातला जुना महाल, अर्ध्या तासात होतो. मुक्तागिरी परतवाड्यापासून जवळ पण मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. डोंगरावर ५२ जैन मंदिरं आणि मधोमध धबधबा. चामड्याचा पट्टा-पाकीट गाडीतच ठेवून जा आणि पायऱ्या मोजत बसू नका, चढा. डिसेंबर-जानेवारीत असाल तर बहिरमची यात्रा भरलेली असते. मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. सावजीला नाक मुरडून जेवणाऱ्यांनीही तिथे जाऊन बघावं.

नरनाळा याच सहलीत कोंबू नका. तो अकोटकडून, शहानूरच्या बाजूनं चढायचा किल्ला आहे आणि तिथला १४८७चा महाकाली दरवाजा एकटाच अर्धा दिवस मागतो. त्याची वेगळी तारीख ठरवा.

परत येताना

दुपारी दोनच्या आत परतवाडा सोडा, म्हणजे संध्याकाळी वाडी नाक्याच्या गर्दीत अडकलात तरी चिडचिड कमी होते.

घरी काय न्यायचं? इथे कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफीचा मळा बघायचा तर याच डोंगरावर, पंचबोल पॉइंटच्या बाजूला. पाकीट मिळालं तर घ्या. थंडीत मोथा, आमझरीकडची स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या मानानं लहान, पण आंबटगोड. आमझरीचा मध. आणि गवळ्यांचा खवा. खव्यासाठीच परत जाणारे लोक मला माहीत आहेत, त्यात मीही आहे. घ्यायच्या आधी चव बघा, गवळी स्वतःच बोटभर पुढे करतो. सकाळी केलेला घ्या, आणि निघायच्या अगदी शेवटी घ्या. कागदात बांधून, पिशवीचं तोंड उघडं ठेवून, गाडीत पायाशी ठेवा, डिकीत नाही. मी पहिल्यांदा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून डिकीत टाकला होता. घाट उतरला, अमरावती गेली, ऊन वाढत गेलं. घरी पोहोचलो तेव्हा दोन किलो खवा आंबला होता, आणि डिकीला त्याचा वास पुढच्या पोळ्यापर्यंत येत होता.